महागाई, व्याजदर, आयात शुल्क: अर्थव्यवस्थेचा अंदाज कसा वाचायचा

अर्थविषयक बातम्या नव्याने वाचायला लागलेल्या माणसाला पहिली ठेच ठरलेल्या जागीच लागते. ‘महागाई घटली’ असं ठळक अक्षरांत छापून येतं आणि प्रत्यक्षात एकाही वस्तूचा भाव खाली आलेला दिसत नाही. मग ‘हे आकडे खोटेच असतात’ असं म्हणून बातमी बाजूला पडते. आकडे बहुधा बरोबर असतात. आपण उंची आणि वेग यांत गल्लत केलेली असते. मी स्वतः ही गल्लत बरीच वर्षं केली.

खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने चढा, कारण आयात शुल्काचं कोडं पहिल्या पायरीशिवाय सुटत नाही. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. मध्यवर्ती बँकेच्या हातात मुख्य कळ एकच असते, ती व्याजदराची. भाव भडकले की दर वर, कामधंदा थंडावला की दर खाली. आयात शुल्क वाढलं की भाव चढतात आणि कामधंदाही मंदावतो, दोन्ही एकदमच. मग कळ फिरवायची कुठल्या बाजूला? सध्याचे बहुतेक आर्थिक अंदाज फिरून फिरून याच प्रश्नापाशी येतात.

पायरी १: उंची आणि वेग वेगळे करा

ग्राहक किंमत निर्देशांक ही ठरावीक वस्तू-सेवांच्या टोपलीची किंमत. समजा, ही टोपली १०० वर होती. वर्षभरात ती ११० झाली, त्याच्या पुढच्या वर्षी ११३. पहिल्या वर्षी महागाई दर १० टक्के, दुसऱ्या वर्षी सुमारे २.७ टक्के. बातमी येईल, ‘महागाई १० वरून २.७ टक्क्यांवर उतरली’. टोपली मात्र मुळापेक्षा १३ टक्के महागच आहे आणि अजून महागतेच आहे. महागाई दर म्हणजे भाव चढण्याचा वेग. वेग कमी झाला म्हणून चढलेली उंची उतरत नाही.

अमेरिकेत नेमकं हेच झालं. जून २०२२ मध्ये तिथला महागाई दर ९.१ टक्क्यांवर गेला, चाळीस वर्षांतला सर्वांत जास्त. जून २०२३ मध्ये तो ३ टक्के होता. अर्थतज्ज्ञ सुटकेचा निःश्वास टाकत होते आणि सामान्य माणूस चिडलेला होता. दोघांचंही बरोबर होतं, कारण एक वेगाकडे बघत होता आणि दुसरा उंचीकडे.

त्या ३ टक्क्यांमागे आणखी एक गंमत आहे, ‘बेस इफेक्ट’ नावाची. वार्षिक दर काढताना आजच्या निर्देशांकाची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करतात. मागच्या वर्षीचा तो महिनाच फार उंचावर असेल, तर यंदाची वाढ आपोआप लहान दिसते. म्हणून वार्षिक दराबरोबर मासिक बदलही बघायची सवय लावा. सलग तीन-चार महिन्यांचे मासिक बदल जे सांगतात, ते वार्षिक आकड्यात पुष्कळ उशिरा दिसतं.

‘कोअर’ किंवा गाभा महागाई हा शब्दही वारंवार भेटेल. ती काढताना अन्नपदार्थ आणि इंधन वगळतात. यावर लोक हसतात, की खाणंपिणं आणि इंधन सोडून जगतो कोण? थट्टा रास्त आहे, पण हेतू वेगळा आहे. पाऊस किंवा कच्चं तेल व्याजदराने आटोक्यात येत नाही आणि त्यांचे भाव जसे उसळतात तसे बसतातही. ते बाजूला ठेवले की खालचा, चिवट प्रवाह दिसतो. फक्त एक पथ्य पाळा. इंधन दीर्घकाळ महाग राहिलं, तर ते वाहतुकीत, मग मालाच्या किमतीत आणि शेवटी पगाराच्या मागण्यांत झिरपतं. तेव्हा ‘इंधन वगळून सगळं ठीक आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पायरी २: व्याजदरातून महागाई वजा करा

बातम्यांतला ‘व्याजदर’ म्हणजे बहुतेक वेळा मध्यवर्ती बँकेचा धोरण दर, ज्याच्या आधाराने बँका आपसांत किंवा मध्यवर्ती बँकेशी अगदी अल्प मुदतीचे व्यवहार करतात. कर्जाचे आणि ठेवींचे दर त्याच्या मागोमाग सरकतात. बदल ‘बेसिस पॉइंट’मध्ये सांगतात, १०० बेसिस पॉइंट म्हणजे टक्क्याचा १ पूर्ण अंक. दर ४ वरून ५ झाला तर तो १ टक्क्याच्या अंकाने वाढला, पण मुळाच्या तुलनेत वाढ २५ टक्के झाली. बातमीदारही यात घसरतात, तेव्हा आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे शोधून बघा.

दर जास्त आहे की कमी हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. त्यातून महागाई वजा करावी लागते. उरतो तो ‘खरा’ व्याजदर. दर १० टक्के आणि महागाई १२ टक्के असेल तर कर्ज घेणाऱ्याची चंगळ असते, कारण परतफेडीचा पैसा घेतलेल्या पैशापेक्षा हलका असतो. दर ४ आणि महागाई १ असेल तर तेच कर्ज भारी पडतं.

तुर्कस्तानाचं उदाहरण इथे जवळून बघण्यासारखं आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये तिथला धोरण दर १९ टक्के होता. महागाई चढत असताना तो उतरवायला सुरुवात झाली, कारण व्याजदरामुळेच महागाई वाढते असं राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांचं ठाम मत होतं. डिसेंबरपर्यंत दर १४ वर आला, तिथलं चलन लिरा गडगडलं, आयात महागली. ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाई ८५ टक्क्यांच्या वर होती आणि त्याच महिन्यात दर साडेदहा टक्क्यांवर आणला गेला. वजाबाकी करून बघा. खरा दर उणे पंचाहत्तरच्या आसपास येतो. अशा वेळी पैसा हातात ठेवणारा बुडतो, म्हणून जो तो पैसे टाकून वस्तू, सोनं किंवा डॉलर घेऊन ठेवतो आणि भाव आणखी भडकतात. २०२३ च्या मध्यावर धोरण उलटलं आणि मार्च २०२४ पर्यंत दर ५० टक्क्यांवर न्यावा लागला. पन्नास हा आकडा बघून कोणी ‘केवढं कडक धोरण’ म्हणालं, तर तेव्हाची महागाई विचारा. ती त्याहूनही जास्त होती.

पायरी ३: दर बदलला की परिणाम कुठून, कधी येतो ते बघा

ही पायरी नवखे लोक वगळतात आणि मग ‘दर वाढवून सहा महिने झाले, काहीच कसं होत नाही’ असं विचारतात. धोरण दराचा पूर्ण परिणाम महागाईपर्यंत पोहोचायला साधारण वर्ष ते दोन वर्षं लागतात. वाट कोणती आहे, यावर वेग ठरतो.

एक हिशेब कागदावर मांडू. २० वर्षांचं कर्ज ७ टक्के दराने घेतलंय. दर ९ झाला आणि मुदत तीच ठेवली, तर मासिक हप्ता सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, तर तेच कर्ज फिटायला २० ऐवजी ३८ वर्षं लागतात. हो, अडतीस. सुरुवातीच्या हप्त्यातला बराचसा भाग व्याजाचाच असतो. दर वाढला की मुद्दलासाठी जेमतेम काही उरतं. बदलत्या दराची कर्जं जिथे जास्त आहेत, तिथे दरवाढ थेट घरखर्चाला कात्री लावते.

अमेरिकेत मात्र ३० वर्षांसाठी एकाच दराने गृहकर्ज मिळतं. जानेवारी २०२१ मध्ये त्याचा सरासरी दर २.६५ टक्के होता, ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ७.८ टक्क्यांच्या जवळ गेला. अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेडरल रिझर्व्ह, म्हणजेच फेड, हिने मार्च २०२२ पासून जुलै २०२३ पर्यंत धोरण दर जवळजवळ शून्यावरून ५.२५ ते ५.५ टक्क्यांवर नेला होता. तरी ज्यांनी आधीच स्वस्तात कर्ज घेतलं होतं, त्यांच्या हप्त्यात छदामाचा फरक पडला नाही. त्यांनी फक्त घर विकायचं टाळलं, कारण नवं घर म्हणजे नवं, महाग कर्ज. विक्रीला घरं कमी आली आणि घरांचे भाव म्हणावे तसे पडले नाहीत. तीच दरवाढ, पण कर्जाचा प्रकार वेगळा असल्यामुळे परिणाम वेगळा. दुसऱ्या देशाचा अनुभव जसाच्या तसा आपल्याला लावणारा लेख वाचताना हे आठवा.

दुसरी वाट रोख्यांची, म्हणजे सरकारला किंवा कंपनीला ठरलेल्या व्याजाने दिलेल्या कर्जाच्या कागदांची. दर वाढले की कमी व्याज देणाऱ्या जुन्या रोख्यांची बाजारातली किंमत पडते. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक याच कारणाने अडचणीत आली आणि ठेवीदारांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढून घेतल्यावर बुडाली. महागाईसाठी ओढलेली दोरी भलतीकडेच कुठेतरी काचली.

तिसरी वाट दिसत नाही, पण सर्वांत जोरदार असते, ती लोकांच्या अपेक्षांची. भाव वाढतच राहणार असं सगळ्यांनी धरून चाललं, की कामगार जास्त पगार मागतात, दुकानदार आधीच भाव चढवून ठेवतात आणि महागाई स्वतःच्या पायावर चालायला लागते. १९७० च्या दशकात कच्च्या तेलाचे भाव दोनदा एकदम भडकल्यावर अमेरिकेत हे झालं. मार्च १९८० मध्ये महागाई १४.८ टक्के होती. फेडचे अध्यक्ष पॉल वोल्कर यांनी अल्पमुदतीचे दर २० टक्क्यांच्या घरात जाऊ दिले. १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्क्यांवर पोहोचली आणि महागाई ४ टक्क्यांच्या खाली आली. किंमत भयंकर होती. ती पुन्हा मोजावी लागू नये म्हणून अनेक देशांनी महागाईचं उद्दिष्ट आधीच जाहीर करण्याची पद्धत स्वीकारली. सुरुवात न्यूझीलंडने १९९० मध्ये केली. फेडचं २ टक्क्यांचं उद्दिष्ट २०१२ पासूनचं, भारताचं ४ टक्के, अधिक-उणे २, हे २०१६ पासूनचं.

पायरी ४: आयात शुल्क कोणाच्या खिशातून जातं ते शोधा

राजकारणी भाषणात सांगतात, की शुल्क परदेशी कंपनी भरते. सीमाशुल्क खात्यात पैसे भरणारा असतो आयातदार, म्हणजे बहुतेक वेळा शुल्क लावणाऱ्या देशातलीच कंपनी. इथवर वाद नाही. खरा प्रश्न पुढचा, की ती हा बोजा कोणाकडे सरकवते. तीन खिसे असतात. परदेशी विक्रेता भाव कमी करू शकतो, आयातदार स्वतःचा नफा कमी करू शकतो किंवा ग्राहक जास्त पैसे देतो. वाटणी मालाला पर्याय आहे का यावर अवलंबून असते. पर्याय नसेल तर ग्राहकाला गत्यंतर नसतं.

२०१८ च्या सुरुवातीला अमेरिकेने आयात वॉशिंग मशीनवर शुल्क लावलं, ठरावीक संख्येपर्यंत २० टक्के आणि त्यापुढे ५० टक्के. अर्थतज्ज्ञांनी नंतर दुकानांतल्या किमती तपासल्या. वॉशिंग मशीन सुमारे १२ टक्क्यांनी महागलं होतं. देशी कंपन्यांनीही भाव वाढवले, कारण स्पर्धक महागल्यावर स्वस्त राहायचं कशाला? आणि कपडे वाळवणारं यंत्र, ड्रायर, ज्याच्यावर शुल्कच नव्हतं, तेही जवळपास तेवढंच महागलं. तिकडे लोक ही जोडी एकत्र घेतात, तेव्हा कंपन्यांनी वाढ दोघांत वाटून टाकली. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, इथे ओल्याबरोबर सुकं जळलं. त्याच अभ्यासानुसार सुमारे १,८०० नोकऱ्या निर्माण झाल्या आणि ग्राहकांवर वर्षाला दीड अब्ज डॉलरचा बोजा पडला. दर नोकरीमागे ८ लाख डॉलरच्या वर. शुल्काचं समर्थन करणाऱ्यांची कारणं नेहमी चुकीची असतात असं नाही, सामरिक उद्योग देशात असावेत हे मलाही पटतं, पण बिल किती आलं ते विचारायलाच हवं.

कच्च्या मालावरचं शुल्क त्याहून त्रासदायक. पोलादावर शुल्क लावलं की पोलाद बनवणारे खूश होतात, पण पोलाद वापरणारे कारखाने संख्येने कितीतरी जास्त असतात आणि त्या सगळ्यांचा खर्च वाढतो. वर समोरचा देश प्रत्युत्तरादाखल शुल्क लावतो, तेव्हा ज्यांचा या भांडणाशी संबंध नाही, त्या निर्यातदारांचं गाऱ्हाणं सुरू होतं. १९३० मध्ये हजारावर अर्थतज्ज्ञांनी विनंती करूनही अमेरिकेचे अध्यक्ष हूव्हर यांनी आयात शुल्क वाढवणाऱ्या स्मूट-हॉली कायद्यावर सही केली आणि शुल्कांना शुल्कांनी उत्तर मिळत गेलं. महामंदी या कायद्यामुळे आली असं सर्रास लिहितात. ते तितकंसं खरं नाही. बँका कोसळणं आणि पैशाचा पुरवठा आकसणं ही कारणं मोठी होती. कायद्याने दुष्काळात तेरावा महिना आणला, एवढं म्हणता येतं.

आता पहिल्या पायरीकडे वळा. शुल्क म्हणजे उंचीतली एक उडी. समजा, टोपलीतला दहावा हिस्सा आयातीचा आहे आणि त्यावर १० टक्के शुल्क लागलं. पूर्ण बोजा ग्राहकावर पडला तरी टोपली साधारण १ टक्क्याने महागेल. वर्षभर वार्षिक दर त्या प्रमाणात फुगलेला दिसेल आणि बारा महिन्यांनी ती उडी तुलनेतून बाहेर पडेल. भाव तिथेच राहतील, दर उतरेल. म्हणजे शुल्काने आपोआप कायमची महागाई येत नाही. ती येते अपेक्षांच्या वाटेने, लोकांनी ‘आता हे असंच चालणार’ असं धरलं तर.

पायरी ५: अगोदरच्या धावपळीला फसू नका

शुल्क लागू होण्याआधीच त्याचे परिणाम सुरू होतात. २०२५ च्या पहिल्या तिमाहीत अमेरिकी कंपन्यांनी शुल्क येण्याच्या धास्तीने परदेशी माल भराभर आणून ठेवला. आयात राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात वजा होते, तेव्हा पहिल्या अंदाजात अर्थव्यवस्था वार्षिक हिशेबाने ०.३ टक्क्यांनी आकसलेली दिसली. दुसऱ्या तिमाहीत आयात कोसळली आणि तोच आकडा ३ टक्के वाढ दाखवू लागला. पहिल्यावेळी मंदीची हाकाटी झाली, दुसऱ्यावेळी तेजीचा जल्लोष. दोन्ही तिमाहींची सरासरी काढणाऱ्यालाच खरं चित्र दिसत होतं. साठवलेला माल संपेपर्यंत दुकानातले भावही स्थिर राहतात. ‘बघा, शुल्काने काही महागलं नाही’ असं त्या काळात म्हणणाऱ्याला गोदामात किती माल उरलाय ते विचारा.

पायरी ६: दुखणं मागणीचं की पुरवठ्याचं?

लोकांच्या हाती पैसा जास्त आहे म्हणून भाव चढले असतील, तर दर वाढवणं सरळ आहे. पुरवठा अडला म्हणून किंवा शुल्कामुळे चढले असतील, तर दर वाढवून ना जहाज लवकर येतं ना शुल्क उतरतं. फक्त मागणी आकसते, म्हणजे आधीच मंदावलेल्या धंद्याला आणखी एक फटका. मग मध्यवर्ती बँक म्हणते, ही एकवेळची उडी आहे, आम्ही तिच्याकडे कानाडोळा करतो. पण २०२१ मध्ये असाच कानाडोळा करून फेड फसली होती. महागाई तात्पुरती आहे म्हणता म्हणता ती ९ वर गेली. दूध पोळल्यावर ताकही फुंकून पितात, तसं २०२५ मध्ये झालं. शुल्क जाहीर झाल्यावर फेडने कित्येक महिने दर हलवलाच नाही. ऑगस्टमध्ये अध्यक्ष जेरोम पॉवेल यांनी शुल्काचा परिणाम ही भावांतली एकवेळची वाढ असू शकते, असं सांगितलं. सप्टेंबरमध्ये पाव टक्क्याची कपात झाली, महागाई ३ टक्क्यांच्या जवळ, म्हणजे उद्दिष्टाच्या वरच असताना. कारण तोवर नोकरभरती थंडावली होती. कळ कुठल्या बाजूला फिरणार हे त्यावरून ठरलं.

तेव्हा तुम्हीही तिथेच नजर ठेवा. पगारवाढ वेग घेतेय का? ज्यांच्यावर शुल्काचा थेट परिणाम नाही, अशा सेवांचे भाव चढतायत का? लोकांच्या अपेक्षांची सर्वेक्षणं वर सरकतायत का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर दरकपातीची शक्यता जास्त. पगार आणि सेवा एकदम चढत असतील, तर मंदी दारात उभी असली तरी दर उतरणं अवघड.

पायरी ७: अंदाजाचा आकडा वाचण्याआधी त्याची तारीख वाचा

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २०२५ च्या जागतिक वाढीचा अंदाज जानेवारीत ३.३ टक्के दिला, एप्रिलमध्ये २.८, जुलैमध्ये ३ आणि ऑक्टोबरमध्ये ३.२. बदलली ती मुख्यतः शुल्कांबद्दलची गृहीतकं. अंदाज म्हणजे ‘असं असं राहिलं तर’ या वाक्याचा उत्तरार्ध असतो. बातमीत पूर्वार्ध बहुधा गाळलेला असतो, तेव्हा मूळ अहवाल उघडून तोच आधी शोधा.

एप्रिलच्या त्या अहवालातली गृहीतकं ४ एप्रिलपर्यंत जाहीर झालेल्या शुल्कांची होती. ९ एप्रिलला अमेरिकेने बहुतेक देशांवरचं वाढीव शुल्क ९० दिवसांसाठी थांबवलं आणि चीनवरचं मात्र शंभर टक्क्यांच्या पार नेलं. अहवाल प्रसिद्ध झाला २२ एप्रिलला.